निजलेल्या दप्तराचे भाडे

दिवाळीच्या सुमारास कापसाच्या गाड्या लागू लागल्या की यवतमाळ, वणी, राळेगाव, पांढरकवडा या भागांतील जिनिंग कारखाने रात्रंदिवस धडधडू लागतात, आणि होळी उलटून आवक आटली की एकेक यंत्र थांबते. गंज्या संपतात, गाठी रवाना होतात, सरकी तेलगिरण्यांकडे जाते. मग पट्टे उतरविले जातात, वंगण घालून यंत्रे झाकली जातात, हंगामी मजुरांचा हिशेब चुकता होतो आणि आवारात एखादा पहारेकरी तेवढा उरतो. कापसाचे बोंड नजरेस पडत नसताना केवळ 'असू द्या, पुढच्या हंगामात लागतीलच' असे म्हणून आठ महिने जिन चालू ठेवणारा मालक आमच्या वाचकांपैकी कोणी पाहिला आहे काय? असा कोणी निघालाच तर त्याची सावकारी देणी किती, हे विचारण्यास गावाला ज्योतिषी लागणार नाही.

परंतु जे कापसाच्या बाबतीत वेडेपणाचे ठरते, तेच नोंदींच्या बाबतीत आज दूरदर्शीपणाचे समजले जात आहे. कचेऱ्या, बँका, पतसंस्था, महाविद्यालये आणि व्यापारी पेढ्या यांची दप्तरे गेल्या दहा वर्षांत कपाटातून निघून संगणकात आणि संगणकातून 'क्लाउड' नावाच्या भाड्याच्या कोठारात गेली. त्या कोठारात कामाचे दप्तर असते, तसेच काम संपलेलेही असते. काम संपलेले दप्तर निजते. त्याचे भाडे मात्र निजत नाही. ज्या डेटाबेसकडे महिनोन्‌महिने कोणी फिरकलेले नाही, तो चालूच राहिला आहे आणि त्याचे बिल भरले जात आहे, हा प्रकार जगभर सर्रास आढळतो. आपला जिल्हा त्यास अपवाद असेल, असे मानण्यास आम्हांस काही आधार दिसत नाही. हा विषय संगणकतज्ज्ञांच्या कोठडीतला आहे असे समजून सुशिक्षित नागरिकाने त्याकडे पाठ फिरवू नये, म्हणूनच तो आज येथे, पहिल्या पानावर, मांडीत आहोत.

भाडे कशाचे?

क्लाउड म्हणजे आकाशातला ढग नव्हे. ते दुसऱ्याच्या मालकीचे, विजेवर चालणारे आणि चोवीस तास थंड ठेवावे लागणारे यंत्रागार आहे. त्यातील यंत्र आणि जागा आपण भाड्याने घेतो, इतकेच. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई व चेन्नई येथे, अॅमेझॉनने २०१६ साली मुंबईस आणि गूगलने २०१७ साली मुंबईसच अशी यंत्रागारे उघडली. केंद्र शासनाने आपल्या स्वतःच्या योजनेस 'मेघराज' असे काव्यमय नाव दिले. जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने सार्वजनिक क्लाउड वापरण्याचे धोरण जाहीर केले आणि असे करणारे ते देशातील पहिले राज्य ठरले. धोरण चुकीचे होते असे आम्ही म्हणत नाही. तालुक्याच्या कचेरीत पावसाळ्यात गळणाऱ्या छपराखाली संगणक ठेवण्यापेक्षा ते कितीतरी बरे. प्रश्न कोठार घेण्याचा नाही. घेतलेल्या कोठाराचा हिशेब ठेवण्याचा आहे.

डेटाबेसचे भाडे साधारणतः तीन प्रकारांनी पडते. पहिले यंत्राचे. ते तासागणिक किंवा सेकंदागणिक मोजले जाते, आणि मोजताना यंत्राने काम केले की नाही हे कोणी पाहत नाही. ते चालू आहे, एवढेच पाहिले जाते. दुसरे जागेचे. ते महिन्यागणिक पडते, आणि अनेक ठिकाणी जितकी जागा वापरली तिचे नव्हे, तर जितकी राखून ठेवली तिचे द्यावे लागते. तिसरे प्रतींचे. मूळ दप्तरास अपघात झाला तर हाताशी असावी म्हणून त्याची प्रत काढून ठेवतात. ठराविक मर्यादेपलीकडे गेलेल्या अशा प्रतींचेही भाडे लागते. यांतील गंमत अशी, की मूळ डेटाबेस काढून टाकला तरी हाताने काढून ठेवलेल्या प्रती आपोआप जात नाहीत. घर सोडले, पण माळ्यावरच्या पेट्यांचे भाडे चालूच, असा हा मामला आहे.

उदाहरणादाखल गृहीत धरू, की एका मध्यम डेटाबेसच्या यंत्राचे भाडे तासाला २० रुपये आहे. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे वर्षाकाठी १,७५,२०० रुपये झाले. आता हा डेटाबेस हंगामी कामाचा असून त्याची खरी गरज वर्षातून ६० दिवसच असेल, तर त्या १,४४० तासांचे होतात २८,८०० रुपये. उरलेले १,४६,४०० रुपये कशापायी गेले? कोणाची सोय झाली नाही, कोणाचा अर्ज निकालात निघाला नाही, कोणास दाखला मिळाला नाही. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, याहून निराळे काय झाले? आणि अशी दहा-वीस कोठारे एका खात्यात असतील, तर त्या पिठाची पोती किती झाली, हे वाचकांनीच मोजावे.

हंगाम संपतो, नोंदवही उरते

असे निजलेले डेटाबेस निर्माण होतात कसे, हे पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. यवतमाळ हा सोळा तालुक्यांचा, कापूस-सोयाबीन पिकविणारा आणि सरकारी मदतीच्या यादीत आपले नाव आहे की नाही हे पुन्हा पुन्हा पाहावे लागणारा जिल्हा आहे. २०१७ साली कर्जमाफी आली, तिचे अर्ज संगणकावर भरून घेतले गेले. २०१९ अखेर दुसरी कर्जमुक्ती जाहीर झाली, तिच्या याद्या आधार क्रमांकाशी जुळवून पाहिल्या गेल्या. २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात पीकविमा आला आणि २०२५ साली तो बंदही झाला. १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकांची नोंद कास्तकाराने स्वतःच भ्रमणध्वनीवरून करावयाची ई-पीक पाहणी सुरू झाली, तिचा भार हंगामापुरता उसळतो आणि ओसरतो. प्रत्येक योजनेच्या मागे एक नोंदवही असते. अर्जांच्या दिवसांत तिच्यावर गावोगावच्या सेवा केंद्रांतून इतकी झुंबड उडते की यंत्र अपुरे पडते. मग मोठे यंत्र घेतले जाते. झुंबड ओसरते, योजना संपते, अधिकारी बदलून जातात. मोठे यंत्र मात्र मोठेच राहिले की काय, हे पाहावयास कोणी थांबते काय?

याखेरीज चाचणीसाठी काढलेली कोठारे असतात. नवी प्रणाली बसविताना कंत्राटदार तीन-तीन प्रती उभ्या करतात: एक बनविण्याची, एक तपासण्याची, एक खरी. खरी सुरू झाली की उरलेल्या दोघींची आठवण कोणास राहत नाही. राज्य शासनाच्या कचेऱ्यांत २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. पावणेदहा ते सव्वासहा या वेळेने आठवड्याचे कामाचे तास साडेबेचाळीस होतात. आठवड्याचे एकूण तास १६८. म्हणजे तपासणीचे जे कोठार केवळ कचेरीच्या वेळातच वापरले जाते, ते तीन-चतुर्थांश वेळ बंद ठेवले तरी एकाही माणसाचे काम अडणार नाही. रात्री दिवे मालवून जाणारा शिपाई आपल्याकडे आहे. डेटाबेस मालवून जाणारा नाही.

आणि तो का नाही, याचे उत्तर तंत्रात नसून कारभारात आहे. नोंदवही वापरणारा एक, तिची मागणी करणारा दुसरा, ती चालविणारा कंत्राटदार तिसरा आणि बिल मंजूर करणारा चौथा. चौघांतील एकालाही ती आपली वाटत नाही. बिलावर एकूण रक्कम असते; कोणत्या कामाचे किती, हे त्यातून उमगत नाही. ज्याच्या खिशाला चटका बसत नाही तो बटण शोधीत नाही, आणि ज्याला बटण ठाऊक आहे त्याला ते दाबण्याचा अधिकार नसतो. त्यात भीतीची भर पडते. सार्वजनिक अभिलेख अनधिकृतपणे नष्ट करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद कायद्यात आहे, आणि संगणकातील नोंद ही त्या कायद्याने अभिलेखच आहे. तेव्हा 'राहू द्या, आपल्या काळात नको' हे सूत्र कारकुनापासून साहेबापर्यंत सर्वांना सोयीचे वाटले, तर त्यात नवल नाही.

दुसऱ्या टोकाचा धोका

तथापि या भीतीला आम्ही हसणार नाही. कारण उधळपट्टीच्या विरुद्ध टोकाला जो उतावळेपणा आहे, तो उधळपट्टीहून अधिक घातक आहे. 'वापरात नाही ना? मग पुसून टाका' असे म्हणणाऱ्या काटकसरवाल्यांना आमच्या जिल्ह्याची एक आठवण करून देणे अवश्य आहे.

२०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात किमान वीस शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. कोण, केव्हा, कोणत्या गावचा, कोणते औषध फवारीत होता, याच्या नोंदी त्या वेळी झाल्या. नंतर वर्तमानपत्रांतील मथळे विरले आणि त्या नोंदी निजल्या. परंतु तीन-चार वर्षांनी याच जिल्ह्यातील काही पीडितांची व त्यांच्या कुटुंबीयांची तक्रार थेट स्वित्झर्लंडपर्यंत गेली. बाझल येथील न्यायालयात दावा दाखल झाला. त्या वेळी आधार कशाचा होता? पोलिसांच्या आणि सरकारी नोंदींचा. ज्या ओळीकडे मधल्या काळात कोणी ढुंकून पाहिले नसेल, ती ओळ सातासमुद्रापलीकडे एका विधवेची साक्षीदार झाली. ती ओळ चार पैसे वाचविण्यासाठी कोणी पुसली असती तर?

दुसरे उदाहरण बँकेचे. २०२२ साली यवतमाळातील एका महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने रद्द केला. बँकेचा व्यवहार थांबतो तेव्हा तिच्या खातेवहीवरील वर्दळ थांबते. पण ठेवीदाराच्या लेखी त्या खातेवहीचे मोल त्या दिवसापासून वाढते. पाच लाखांपर्यंतच्या ठेवीस विम्याचे संरक्षण आहे खरे, परंतु तो पैसा हाती पडतो तो नोंदीच्या आधारावर. जी वही निजली असे आपण म्हणतो, तिच्यावर निवृत्त शिक्षकांची आणि घरकाम करून पैसा जोडणाऱ्या बायांची झोप अवलंबून असते.

आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबांचे काय? शासनाची एक लाख रुपयांची मदत मिळण्यासाठी प्रकरण पात्र ठरावे लागते. सातबारा, कर्जाची थकबाकी, वसुलीचा तगादा यांचे पुरावे लागतात. अपात्र ठरलेल्या प्रकरणाची फेरचौकशी मागणाऱ्या बाईच्या हाती असते काय? एक नोंद, कोठेतरी, कोणत्यातरी वहीत. निष्क्रिय आणि निरुपयोगी या दोन शब्दांत असलेले अंतर यवतमाळकरांनी तरी विसरू नये. शंभर-दीडशे वर्षे रुमालांत बांधून पडलेले पेशवे दप्तर १९३० नंतर गोविंद सखाराम सरदेसाई यांनी निवडून ४५ खंडांत प्रसिद्ध केले, तेव्हा मराठ्यांच्या इतिहासाची कितीतरी पाने नव्याने लिहावी लागली. दप्तराची झोप आणि दप्तराचा मृत्यू या एक गोष्टी नव्हेत.

याला तिसरी बाजूही आहे. ज्या वहीकडे कोणाचे लक्ष नाही, तिच्यात चोरही सुखाने शिरतो. २०२५ च्या अखेरीस आर्णी तालुक्यातील शेंदुरसनी या सुमारे दीड हजार वस्तीच्या गावाच्या नावावर अवघ्या काही महिन्यांत सत्तावीस हजारांहून अधिक जन्मनोंदी झाल्याचे उघडकीस आले आणि तपास सुरू झाला. ती नोंदवही निष्क्रिय नव्हती, राष्ट्रीय प्रणालीचाच भाग होती. परंतु लहान गावाचा एक दरवाजा, ज्यातून एरवी महिन्यास हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या नोंदी जावयाच्या, तो उघडा राहिला तर काय होते, याचा तो धडा आहे. मग जी कोठारे पूर्णपणे विसरली गेली, ज्यांचे जुने परवलीचे शब्द बदलून गेलेल्या कंत्राटदाराच्या माणसांकडे अजून असतील, त्यांची काय कथा? विसरलेले कोठार पैसा खाते आणि एखादे दिवशी अब्रूही खाते.

उपाय आपल्याच कपाटात

तेव्हा चालू ठेवणे ही उधळपट्टी आणि पुसून टाकणे हा अपराध, असा हा पेच आहे. तो सोडविण्यासाठी परदेशी सल्लागार बोलावण्याची गरज नाही. महाराष्ट्राच्या महसुली कारभाराने तो कागदाच्या काळातच सोडविलेला आहे. अभिलेखांची 'अ', 'ब', 'क', 'ड' अशी वर्गवारी प्रत्येक कारकुनास ठाऊक असते: 'अ' वर्ग कायमचा, 'ब' वर्ग तीस वर्षांचा, 'क' वर्ग मर्यादित वर्षांचा आणि 'ड' वर्ग एका वर्षानंतर नष्ट करावयाचा. टेबलावरील कागदांसाठी सहा गठ्ठ्यांची पद्धत आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी तेव्हाच्या अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीतील वर्षानुवर्षांचे ढिगारे उपसले, ठेवावयाचे ते क्रमाने लावले, नष्ट करावयाचे ते नियमाने नष्ट केले आणि जुना कागद काही मिनिटांत हाती यावा अशी व्यवस्था लावून दिली. 'लखिना पॅटर्न' हे नाव त्यावरून पडले. त्यांनी काही नवे शोधून काढले नव्हते; जे नियमात होते ते अमलात आणले, हेच त्यांचे मोठेपण.

तीच पद्धत क्लाउडमधील डेटाबेसला लावून पाहा. पहिला गठ्ठा प्रलंबित प्रकरणांचा. सातबारा-फेरफारासारख्या रोजच्या वह्या त्यात येतात, त्या अखंड चालू राहाव्यात, त्यांना हात लावू नये. दुसरा प्रतीक्षाधीन प्रकरणांचा. ज्यांच्याकडे अधूनमधूनच कोणी येते अशा वह्या. त्यांच्यासाठी आता आपोआप थांबणारे व हाक मारताच उठणारे डेटाबेस मिळतात. मायक्रोसॉफ्टने २०१९ पासून अशी सोय रूढ केली, अॅमेझॉनने २०२४ च्या अखेरीस यंत्राचा वापर शून्यावर आणण्याची तरतूद केली. थांबलेल्या काळात यंत्राचे भाडे पडत नाही, जागेचे तेवढे पडते. उठताना काही सेकंद किंवा मिनिटभर थांबावे लागते, इतकेच. तिसरा नियतकालिकांचा, हंगामी योजनांच्या वह्या पंचांग पाहून उघडाव्यात आणि पंचांग पाहूनच मिटाव्यात. चौथा स्थायी आदेशांचा. गावांच्या, पिकांच्या, खात्यांच्या संदर्भ याद्या. त्या लहान असतात, त्यांना प्रत्येकी वेगळे यंत्र कशाला? एकाच यंत्रावर त्या सुखाने नांदतील.

पाचवा गठ्ठा अभिलेख कक्षाकडे पाठवावयाचा. खरी काटकसर येथे आहे. काम संपलेल्या डेटाबेसमधील सर्व मजकूर साध्या, कोणत्याही संगणकावर वाचता येईल अशा स्वरूपात उतरवून घ्यावा आणि क्लाउडमधील अतिशय स्वस्त अशा जुन्या दप्तराच्या कोठारात ठेवावा. तेथील जागेचे भाडे चालू डेटाबेसच्या जागेच्या तुलनेत कित्येक पटींनी, काही ठिकाणी पन्नास पटींहूनही कमी असते. फरक इतकाच, की तेथून कागद मागविला तर तो तत्काळ न येता काही तासांनी, प्रसंगी दुसऱ्या दिवशी येतो. जे दप्तर पाच वर्षांतून एकदा उघडावयाचे, त्यासाठी एक दिवस थांबण्यास कोणाची हरकत असावी? आणि सहावा गठ्ठा नष्ट करावयाचा: चाचणीची कोठारे, दुबार प्रती, ज्यांची मुदत नियमाने संपली आहे अशा नोंदी. त्या नष्ट कराव्यात, पण रात्री गुपचूप नव्हे. काय, केव्हा, कोणाच्या आज्ञेने नष्ट केले याची नोंद करून आणि त्याखाली सही करून.

येथे काही व्यावहारिक सूचना करणे अस्थानी होणार नाही. पहिली ही, की 'थांबविले' म्हणजे भाडे संपले असे कोणी समजू नये. थांबलेल्या डेटाबेसच्या जागेचे व प्रतींचे भाडे चालूच राहते. शिवाय अॅमेझॉनच्या प्रचलित सेवेत थांबविलेला डेटाबेस सात दिवसांनी आपोआप पुन्हा सुरू होतो. एकदा बटण दाबून निश्चिंत झालेला अधिकारी आठव्या दिवशी पुन्हा भाडेकरू झालेला असतो. दुसरी ही, की नोंदी पुसल्याने जागा लगेच मोकळी होतेच असे नाही. पुष्कळ डेटाबेसमध्ये पुसलेल्या ओळींची जागा आतल्या आत राखली जाते. आणि राखून घेतलेली जागा वाढविणे जितके सोपे, तितके घटविणे सोपे नाही. तिसरी ही, की जुने ते केवळ जुने म्हणून महागही पडते: मुदत संपलेल्या आवृत्तीवर चालणाऱ्या डेटाबेसला अॅमेझॉनने २०२४ पासून जादा आकार लावण्यास आरंभ केला. निजलेल्या वहीची आवृत्ती कोण बदलणार? म्हणजे दुर्लक्षाबद्दल दंड वेगळाच.

चौथी सूचना सर्वांत महत्त्वाची. डेटाबेस निजला आहे हे ठरविताना केवळ मागच्या आठवड्याकडे पाहू नये. गेल्या सात दिवसांत कोणी जोडले गेले नाही, अशी खूण यंत्र दाखवील. परंतु यंत्राला खरीप-रब्बी कळत नाही, मार्चअखेर कळत नाही. उलटपक्षी, प्रकृती पाहण्यासाठी एखादी प्रणाली दर पाच मिनिटांनी डोकावत असेल तर मेलेली वहीही जिवंत भासेल. म्हणून पूर्ण वर्षाचा वापर पाहावा आणि ज्या माणसाची ती वही आहे त्याला विचारावे. आणि उतरवून ठेवलेले दप्तर पुन्हा उघडून, त्यातील शे-दोनशे नोंदी ताडून पाहिल्याशिवाय मूळ कोठार मोडू नये. रकान्यांचा अर्थ सांगणारा कागद सोबत ठेवावा. नाहीतर दहा वर्षांनी 'कोड ०३' म्हणजे पात्र की अपात्र, हे सांगणारा कोणी उरणार नाही, आणि सुरक्षित ठेवलेली नोंद मुकी होईल.

आपणही भाडेकरूच

हा उपदेश केवळ सरकारला आहे, असे समजून आमच्या वाचकांनी मान डोलावू नये. या शहरातील पतसंस्था, खासगी शिकवण्या, रुग्णालये, अडत्ये आणि जिनिंगवाले यांची दप्तरेही त्याच भाड्याच्या कोठारांत आहेत. व्यापाऱ्याने वस्तू व सेवा कराचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावयाचे असतात. म्हणजे ते तेवढा काळ जपावेत, तेवढा काळ यंत्रावर चालू ठेवावेत असे नव्हे. आणि माणसांच्या खासगी माहितीचा प्रश्न तर आणखी नाजूक आहे. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा खासगी संस्थांना सांगतो, की ज्या हेतूने माहिती घेतली तो हेतू संपला आणि अन्य कायद्याने ती ठेवणे आवश्यक नसले, तर ती पुसावी. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून कर्तव्ये टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. दहा वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्यांचे दूरध्वनी क्रमांक आणि रुग्णांचे आजार निष्कारण सांभाळीत बसणारी संस्था उद्या त्याचा जाब देणार आहे. तिच्यासाठी काटकसर आणि कायदा हे एकच काम सांगतात.

यास्तव आमची मागणी लांबलचक नाही. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि नगरपरिषदा यांनी आपापल्या अखत्यारीतील डेटाबेसची एक यादी करावी. माहितीचा अधिकार कायदा २००५ पासून प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणास आपले अभिलेख सूचीबद्ध ठेवण्यास सांगतोच. संगणकातील अभिलेख त्यातून वगळलेले नाहीत. यादीत चार रकाने पुरेत: वहीचे नाव, तिला जबाबदार असलेल्या पदाचे नाव, वर्ग व मुदत, आणि वर्षाचे भाडे. ज्या वहीच्या पुढे जबाबदार पद लिहिता येत नाही, तिच्यापासून कामास आरंभ करावा. जी कोठारे पुण्या-मुंबईच्या खात्यांकडून चालविली जातात, त्यांच्याविषयी जिल्ह्याने तेथे विचारणा करावी. आपल्या माणसांची नोंद कोठे आहे, हे विचारण्याचा अधिकार जिल्ह्याला नसेल तर कोणाला असणार? आणि ज्याप्रमाणे वर्षअखेरीस तिजोरी मोजतात, त्याप्रमाणे वर्षातून एकदा ही यादी मोजावी.

यातून वाचणारी रक्कम राज्याच्या अर्थसंकल्पात दिसण्याजोगी नसेल, हे आम्ही जाणतो. परंतु ज्या जिल्ह्यात एक लाख रुपयांसाठी एका कुटुंबाला कागदांचा डोंगर चढावा लागतो, तेथे दीड लाख रुपये रिकाम्या यंत्राच्या घरघरीवर खर्च होत असतील, तर ती रक्कम लहान आहे असे म्हणण्याचा निर्लज्जपणा कोणी करू नये. आणि त्याच कुटुंबाचा पुरावा काटकसरीच्या नावाखाली गहाळ होत असेल, तर ती काटकसर नव्हे.

जिनिंगचा मालक हंगाम संपल्यावर यंत्रे थांबवितो, पण ती भंगारात काढीत नाही. वंगण घालतो, झाकतो, किल्ली कोणाकडे आहे ते लक्षात ठेवतो आणि दारावर माणूस ठेवतो. आपल्या नोंदींना याहून अधिक काही नको आहे.